हा तो मासा नाही : एका कथेचं प्रकरण

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो आणि दर शनिवारी दुपारी कथालेखनाचा एक छोटा वर्ग घेतो, फी नाही, हजेरी नाही, चहा ज्याचा त्यानं प्यायचा. बारा-पंधरा पोरं येतात, पाऊस लागला की सात-आठ. या वर्गात दोन वर्षांपूर्वी फाळणीवर एक कथा लिहिली गेली. ती आधी कशी बिघडली, मग कशी सुधारली आणि ती सुधरवण्याच्या नादात कथेच्या बाहेर मी काय बिघडवून ठेवलं हे सगळं इथं जसं झालं तसं लिहितोय, कारण असे वर्ग घेणारे बरेच जण आहेत आणि आम्ही सगळे एकमेकांना फक्त जमलेल्या गोष्टी सांगत बसतो. नावं कुणाचीच देत नाही. लिहिणाऱ्याला मुलगा म्हणतो, आणि त्याच्या आजीला त्यांच्या घरात म्हणतात तसं अम्मा.

मुलगा गांधीनगरचा. आपल्या भागात गांधीनगर म्हटलं की लग्नाचा बस्ता. साड्या, शर्टपीस, आहेराचे टॉवेल-टोप्या, टेम्पो भरून माल, दुकानात गादीवर बसलेले शेठ आणि समोर वळकट्या उलगडणारी पोरं. पण ही पेठ बसायच्या आधी तिथं काय होतं हे बस्ता बांधायला येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. तिथं वळिवड्याची छावणी होती आणि त्या छावणीत १९४३ ते १९४८ पोलंडचे साधारण पाच हजार लोक राहत होते, बहुतेक बायका आणि पोरं. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि रशियानं दोन बाजूंनी येऊन पोलंड वाटून घेतला, रशियाच्या वाट्याला आलेल्या भागातनं लोकांना गाडीत कोंबून सैबेरिया-कझाकस्तानला नेलं, तिथनं सुटून जे इराणमार्गे बाहेर पडले त्यातले काही फिरत फिरत आपल्या पंचगंगेच्या खोऱ्यात येऊन टेकले. महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे, माझी निम्मी पोरं तिथं रोज फिरायला जातात आणि एकानंही त्याच्यावरचा मजकूर वाचलेला नव्हता. असो. तर ते लोक गेले आणि रिकाम्या झालेल्या बराकींत सिंधमधनं आलेल्या निर्वासितांना जागा मिळाली. अम्मा त्यातली. तेव्हा अकरा वर्षांची, आता सत्त्याऐंशीच्या आसपास, जन्मतारीख तिलाही नक्की माहीत नाही.

आता पहिला ड्राफ्ट. कथेचं नाव होतं 'रक्तरेषा'. नाव ऐकूनच मला पुढचं सगळं कळलं होतं पण म्हटलं वाचू दे. पहिल्या परिच्छेदात आकडे, दीड कोटीच्या आसपास माणसं इकडची तिकडं झाली, मेलेल्यांचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत, मग रेल्वे, मग रेल्वेत तलवारी, मग विहिरीत उड्या, आणि नायिका म्हणजे अम्मा, पण कथेत ती वीस वर्षांची, केस मोकळे, पदर फाटलेला. शेवटी ती वाघा बॉर्डरला दोन तारांच्या मधे पडते आणि मरते, आणि लेखक विचारतो की हे माते तू कुठल्या देशाची.

पोरांना आवडलं. निपाणीकडनं येणारा एक जण म्हणाला, "लई भारी लिवलंयस लगा." मग मागं बसलेल्या एका मुलीनं अगदी साधा प्रश्न विचारला, की तुझी अम्मा सिंधमधल्या हैदराबादची ना, मग ती वाघ्याला कशी पोचली? मुलानं मोबाइल काढून मॅप लावला. रस्त्यानं हजारेक किलोमीटर निघालं. दुसरा म्हणाला आणि मेली असंल तर तू कसा रे झालास. वर्ग हसला, मुलगाही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

दोष माझाच होता. आदल्या महिन्यात मी वर्गात उर्दू कथाकार मंटोची 'टोबा टेक सिंग' वाचली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी दोन्ही देशांनी वेड्यांचीही अदलाबदल करायचं ठरवलं, त्यात लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातला एक शीख, पंधरा वर्षं खाली न बसलेला, आपलं गाव नेमकं कुठल्या देशात गेलंय एवढंच विचारत राहतो आणि शेवटी वाघ्याला दोन्हीकडच्या तारांच्या मधल्या बेवारशी जमिनीवर कोसळतो. (अशी अदलाबदल १९५० मध्ये खरोखर झाली होती, हे मी नंतर सांगितलं तेव्हा पोरं गप्प झाली. कथा वाचताना सगळ्यांना ती लेखकाची कल्पना वाटली होती.) आता इतकी ताकदीची कथा ऐकल्यावर नवख्या माणसाला वाटतं की फाळणीची गोष्ट म्हणजे शेवटी कुणीतरी रेघेवर पडलंच पाहिजे. आणि मधला मालमसाला सिनेमातनं येतो, रेल्वे, तलवार, विहीर. पंजाबात हे सगळं घडलेलं आहे, यापेक्षा भयंकर घडलंय, त्याबद्दल मी ब्रसुद्धा काढणार नाही. पण ते अम्माचं नाही. दुसऱ्याच्या घरातलं रक्त उसनं आणून आपल्या दारात शिंपडलं तर दोघांचाही अपमान होतो, असं काहीतरी मी त्या दिवशी बोललो, जरा जास्तच बोललो.

मग मी त्याला सिंधचं वेगळेपण सांगितलं कारण ते त्यालाच माहीत नव्हतं. रॅडक्लिफ, म्हणजे सीमा आखायला नेमलेला इंग्रज वकील, हा माणूस ८ जुलै १९४७ ला पहिल्यांदा हिंदुस्थानात आला, पाच-सहा आठवड्यांत पंजाब आणि बंगालमधनं रेघ मारली आणि ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे झेंडावंदन होऊन दोन दिवस झाल्यावर. ही रेघ सिंधमधनं गेलीच नाही. सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. तिथं चार माणसांत एक हिंदू होता, व्यापारी, सावकार, वकील, मास्तर, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की राजे बदलतात, आपण कशाला हलायचं. सत्तेचाळीस गेलं तरी बरेच जण तिथंच होते. मग ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर बंदरावर रांगा लागल्या. काही जोधपूरच्या रेल्वेनं आले पण खूप जण कराचीहून बोटीनं, मुंबईला नाहीतर सौराष्ट्रातल्या बंदरांवर. म्हणजे पंजाबी माणसाला निदान अर्धा पंजाब तरी मिळाला, बंगाल्याला अर्धा बंगाल, सिंध्याला इकडं गुंठाभरसुद्धा सिंध मिळाला नाही. त्याच्या गोष्टीत पडायला रेघच नाही. समुद्र आहे, आणि समुद्रावर कुंपण घालता येत नाही.

मुलगा म्हणाला, "मग सर, आमच्यात काय घडलंच न्हाई म्हणायचं की. मग लिवू काय?"

हा प्रश्न मला फार आवडला आणि या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथंच आहे.

त्यावर अजून एक जण म्हणाला की कोल्हापूरला तर फाळणीचं काहीच लागलं नाही, आपल्याला कशाला त्या विषयात पडायचं. त्याला सांगितलं, बाबा, ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींना मारलं त्यानंतर याच कोल्हापुरात घरं जळली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, आणि त्याच वर्षी वळिवडे स्टेशनवर घर गेलेली माणसं उतरत होती. एकीकडं इथलीच माणसं आपल्या जळक्या भिंती बघतायत आणि दहा किलोमीटरवर दुसरी कुणीतरी बराकीचा नंबर शोधतायत. लागलं नाही कसं म्हणायचं. निपाणीवाल्याला सीमाप्रश्नाची आठवण झाली, ८६५ गावं वगैरे, तो म्हणाला आमचंबी तसंच की सर. मी म्हटलं तसंच नाही, तुझ्या गावात तुझं घर आहे आणि तुझा आजा त्याच घरात मेला. पण तो म्हणाला, घर हाय पण पाटीवरचं आजोबाला वाचता येत न्हवतं. ही गोष्ट मी वहीत लिहून ठेवली, पुढं कामाला आली.

तर मी मुलाला काम दिलं. आठवडाभर अम्माला काहीही विचारायचं नाही. फाळणी हा शब्द घरात काढायचा नाही. फक्त जेवायच्या वेळी ती जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं आणि शनिवारी आणायचं. याच्या आधी त्यानं चार-पाच वेळा मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून विचारून झालेलं होतं आणि त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, "मी फाळणीचं विचारलं की ती म्हणत्या, जेवलास का."

पुढच्या शनिवारी त्यानं दीड पान आणलं. त्यात काहीच नव्हतं. पापड जास्त भाजू नका. टीव्हीचा आवाज बारीक करा. लाइटबिल किती आलं. साई भाजीत पालक कमी पडलाय. दुकानातल्या नव्या पोराला जेवायला घातलं का. आणि मंगळवारी रात्री एकच शब्द लिहिला होता, "नाही". मी विचारलं हे काय? तर म्हणाला, "ते काय न्हाई सर, माशाचं हाय. आमच्या घरातला जोक हाय तो."

जोक असा. पावसाळ्यात, जून-जुलैला समुद्रावरची मासेमारी बंद असते तेव्हा, मुलाचे वडील बाजारातनं नदीचा मासा आणतात. कधी कटला, कधी रोहू. अम्मा स्वतः उठून ओट्याशी उभी राहते, आता उभं राहवत नाही तर स्टुलावर बसते, मसाला भरून मासा तव्यावर परतते, सगळे ताट घेऊन बसतात, आणि पहिला घास अम्मानं घ्यायचा. घास घेते, चावते, आणि म्हणते, "नाहे." मग सगळे हसतात आणि जेवायला लागतात. मुलाचे आजोबा होते तेव्हा तेही आणायचे, तेव्हाही नाहे. म्हणजे लग्न झाल्यापासनं धरलं तरी साठ-पासष्ट वर्षं, दरवर्षी दोनदा-तीनदा. सिंधी येत नसल्यानं मुलाला लहानपणापासनं वाटायचं की अम्माला 'नाही' नीट म्हणता येत नाही, दात नसल्यामुळं तसं होतं. नाहे हाच सिंधी शब्द आहे, अर्थ तोच, हे त्याला नववीत असताना कळलं.

जो नसतो तो मासा म्हणजे पल्लो. बंगाली ज्याला इलिश म्हणतात, हिल्सा, तोच. समुद्रातनं सिंधू नदीत शिरतो आणि प्रवाहाच्या उलट वर वर पोहत जातो, सिंधी माणसाचा जीव या माशात अडकलेला असतो आणि तो खायला महाकठीण, केसासारखे बारीक काटे, शेकड्यानं. म्हणून मुलाचे वडील बाजारात जाऊन काटे जास्त असलेला मासा मागतात. मासेवाली मावशी त्यांना कित्येक वर्षं ओळखते तरी दर वेळी म्हणते, "शेठ, लोकं बिनकाट्याचा मागत्यात, तुमी तेवढं काट्याचा मागतासा."

ही ओळ ऐकल्यावर मी खडू खाली ठेवला.

पुढं अजून होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी मुंबईच्या काकांनी कुणाकडनं तरी कोलकात्याहून खराखुरा हिल्सा मागवला, थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरून गाडीनं कोल्हापूरला आणला. घरात सण. व्हिडिओ कॉलवर उल्हासनगरची मंडळी, पिंपरीची मंडळी. अम्मानं मासा हातात घेऊन खवले बघितले, काही बोलली नाही, नेहमीसारखा केला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत बसले. तिनं घास घेतला, जिभेनं काटे सुटे करून ताटाच्या कडेला एका रांगेत लावले, आणि म्हणाली, नाहे. काका चिडले. वडील चिडले. काका म्हणाले तोच आहे अम्मा, तोच आहे, नेटवर बघ, शास्त्रीय नाव पण तेच आहे. ती म्हणाली असेल.

मी म्हटलं ही तुझी कथा. आकडे काढ, रेल्वे काढ, वाघा काढ. मुलगा म्हणाला सर यात फाळणी कुठाय. मी म्हटलं एवढा खरा मासा आणूनसुद्धा तो नाही म्हणते ना, तिथंच आहे, तू तो शब्द एकदाही लिहू नकोस. सुरुवातीला त्याला हे पटलं नाही, त्याला वाटलं मी त्याची थट्टा करतोय, मासा खाण्यावर कोण कथा लिहितं. पण पुढच्या दोन शनिवारांत त्यानं जे लिहून आणलं ते खरंच चांगलं होतं. वडील बाजारात चिखलातनं पॅन्ट वर धरून काट्याचा मासा शोधतायत तिथनं सुरुवात, स्टूल, तवा, पेटी, काका. वाक्यं लहान झाली होती, हे मातेबिते सगळं गेलं होतं.

मधे मी अभ्यास करून बसलो होतो, मास्तर माणूस, राहवत नाही. कोटरीला, म्हणजे हैदराबादच्या अगदी समोर नदीपलीकडं, १९५५ मध्ये सिंधूवर बंधारा पूर्ण झाला आणि तेव्हापासनं पल्लोची वर जायची वाट अडली, मासा पार रोडावला. म्हणजे अम्मा तिथंच राहिली असती तरी लहानपणीचा तो मासा तिला पुढं फार वर्षं पूर्वीसारखा मिळाला नसता. हे मी वर्गात सांगितल्यावर सगळ्यांना ते कथेत हवं होतं. मी म्हटलं नको. पोलंडचंही तसंच, मुलाला वाटत होतं की एकाच बराकीत आधी वाटून घेतलेल्या पोलंडची माणसं आणि नंतर वाटलेल्या हिंदुस्थानची माणसं हा केवढा योगायोग, हे आलंच पाहिजे. योगायोग मोठा आहे हे खरं, आणि त्या पोलिश लोकांची घरंही शेवटी सोव्हिएत रशियातच राहिली, परत जायला गाव उरलं नव्हतं. लेखात हे फार छान बसतं. कथेत असला योगायोग टाकला की वाचक अम्माला सोडून इतिहासाला टाळ्या वाजवायला लागतो. या दोन निर्णयांबद्दल मला आजही शंका नाही. शंका आहे ती पुढच्याबद्दल.

कथेत एक भोक होतं. पल्लो चवीला कसा होता हे कुठंच नव्हतं. नाहे म्हणजे काय नाही? तिखट कमी? वास वेगळा? मला वाटलं तिथं एक नेमका तपशील मिळाला की कथा उभी राहील. मुलाला म्हटलं आता विचार तिला. तो म्हणाला सर तुम्हीच चला, पाहुण्यासमोर ती बोलत्या.

ऑगस्टमधल्या एका रविवारी गेलो. दुकान खाली, घर वर. अम्मा एकदम हसतमुख, मराठी आपल्यापेक्षा अस्सल, "या मास्तर, बसा, पोरगं लई बोलतंय तुमचं." कोकी, म्हणजे जाडसर सिंधी पोळी, आणि पापड आला, चहा आला. मी आधी इकडचं तिकडचं विचारलं. हैदराबादच्या घरांवर मंघ असायचे, वारा पकडून खालच्या खोल्यांत उतरवणाऱ्या धुराड्यासारख्या बांधकामाला मंघ म्हणतात, त्याच्याबद्दल ती हात वर करून करून बोलली. कल्याणची छावणी, मग वळिवडे. बराकीत आलो तर आधीच्यांच्या चुली तशाच होत्या, म्हणाली, राख पण होती. त्या गोऱ्या बायका बघितल्या का विचारलं तर नाही, गेल्या होत्या त्या. मी वहीत गावाचं नाव लिहून मागितलं. तिनं उजवीकडनं डावीकडं लिहिलं, सुंदर अक्षर, आणि खोलीत आम्ही सहा जण होतो पण ते वाचणारं कुणी नव्हतं. तिचा मुलगा पण नाही, सगळी पोरं मराठी शाळेत शिकली. बावन्न अक्षरांची ती लिपी त्या घरात तिच्याबरोबरच संपणार होती आणि तिला त्याचं काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. तिनं वही परत दिली आणि चहा गार होतोय म्हणाली. मला निपाणीवाल्याचा आजा आठवला.

मग मी विचारलं. अम्मा, पल्लो कसा लागायचा?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मला नाही माहीत.

मला वाटलं विषय टाळते आहे. इथं मी थांबायला पाहिजे होतं. मी म्हटलं पण तुम्ही तर दर वेळी सांगता ना हा तो नाही म्हणून.

ती म्हणाली, मला काटे निघायचे नाहीत. आई काढून द्यायची. चिमटीत घेऊन तोंडात घालायची, माझ्या आणि भावाच्या. मी कधी आपल्या हातानं खाल्लाच नाही तो.

मी विचारलं, आई? ती म्हणाली, कल्याणपर्यंत आली.

त्यानंतर वडिलांनी पंखा वाढवला, कुणीतरी खाली दुकानात गेलं, मी उरलेली कोकी संपवली. उठताना तिनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला, मला, पन्नाशीच्या माणसाला. जिना उतरताना मुलाचे वडील म्हणाले, "सर, हे आमाला पण म्हाईत न्हवतं." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी घरी येताना, खोटं कशाला सांगू, खूश होतो. तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नलला थांबलो आणि कथेचा शेवट डोक्यात तयार. चिमटी. नुसती चिमटी ठेवायची, पुढं काही नाही. असा तपशील लेखकाला दहा वर्षांत एकदा मिळतो असं मला वाटलं आणि तो मला मिळाला होता, म्हणजे मुलाला, पण मनात मलाच.

दोन-तीन आठवड्यांनी वडिलांनी मासा आणला. मुलानं सांगितलेलं जसंच्या तसं देतो. अम्मा स्टुलावर बसली, तवा ठेवला, सगळं नेहमीचं. सगळे ताट घेऊन बसले. तिनं पहिला घास घेतला. सगळे हसायच्या तयारीत. ती म्हणाली, "चांगला आहे." मराठीत. आणि जेवायला लागली. कुणी हसलं नाही. धाकट्या बहिणीनं विचारलं अम्मा नाहे म्हण ना, तर वडिलांनी तिला गप्प बस म्हटलं. मुलगा म्हणाला, सर, त्या दिवशी मासा कुणी संपवला नाही.

मी काय करणार होतो? मी त्याला म्हटलं हे पण लिही. होय, असं म्हटलं मी. आता टाइप करताना हात थांबतोय पण तेव्हा माझ्यातला मास्तर असाच बोलला, की हा तर त्याहून मोठा शेवट आहे, इतक्या वर्षांच्या नाहेनंतर चांगला आहे, याच्यापुढं तुझ्या त्या वाघ्याची काय किंमत.

मुलानं ऐकून घेतलं. पुढच्या शनिवारी पक्का ड्राफ्ट घेऊन आला. त्यात चिमटी नव्हती. आई नव्हती. चांगला आहे पण नव्हतं. कथा काकांच्या पेटीवर संपत होती, ती असेल म्हणते तिथं. मी म्हटलं अरे तू तर सगळं सोन्यासारखं फेकून दिलंस. तो म्हणाला, "ते तिचं हाय सर." मी पाऊण तास वाद घातला. लेखकाचं कर्तव्य, सत्य, धीटपणा, काय काय बोललो. वर्गातली मुलं दोन गटांत वाटली गेली. त्या वाघ्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीनं त्याची बाजू घेतली, म्हणाली वडिलांना पण माहीत नव्हतं ते, मग परीक्षकाला कशाला सांगायचं. मुलानं शेवट बदलला नाही.

कथा आंतरकॉलेज स्पर्धेला गेली, नंबर आला नाही. परीक्षकांचा शेरा होता, 'भाषा सहज, परंतु फाळणीचा दाह पोहोचत नाही.' मुलगा तो कागद वर्गात घेऊन आला आणि सगळ्यांना दाखवून हसला, यावेळी कान लाल झाले नव्हते. कॉलेजच्या अंकात ती कथा छापून आली, नाव 'काट्याचा मासा', तीन पानं. वडिलांनी दहा प्रती नेल्या. अम्माला वाचून दाखवली का विचारलं तर म्हणाला हो, मासेवाली मावशी आली तिथं ती खूप हसली, बाकी ऐकता ऐकता झोपली.

आता ज्यांना असे वर्ग घ्यायचेत त्यांच्यासाठी मी बदललेल्या दोन गोष्टी सांगतो, नियम म्हणून नव्हे. जेवायच्या वेळचं बोलणं लिहून आणा हे काम मी अजून देतो, फार उपयोगी आहे, उसनं रक्त आपोआप वाळून जातं. आणि मी कुणाच्या घरी जात नाही. पोरं बोलावतात, आजोबा बोलायला उत्सुक आहेत सर म्हणतात, मी गणपतीला येतो म्हणून सांगतो आणि गणपतीला गेलो तर प्रसाद घेऊन परत येतो. माझा एक मित्र म्हणतो तू उगाच मनाला लावून घेतोयस, म्हातारीनं मन मोकळं केलं, बरंच झालं की. असेलही. तिनं त्यानंतर आईबद्दल घरात अजून दोन-चार गोष्टी सांगितल्या असं मुलगा म्हणाला होता, कुठल्या ते मी विचारलं नाही.

यंदाच्या जुलैत, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरनं वाहत होती त्या आठवड्यात, मुलाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. तो आता पुण्याला नोकरीला आहे, सुट्टीला आलेला. फोटोत स्टीलचं ताट, अर्धा खाल्लेला मासा, आणि ताटाच्या कडेला काटे एका रांगेत लावलेले. खाली काही लिहिलं नव्हतं. मी दोनदा टाइप करून पुसलं, मग राहवलं नाही म्हणून पाठवलंच, काय म्हणाली?

बराच वेळ निळी खूण दिसत होती. मग उत्तर आलं.

"काय न्हाई सर."